ताक, पटकी आणि अँटिबायोटिक : सिंध नदीच्या छावणीपासून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत



साहित्याच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथी डॉक्टरला इतिहासावर बोलायला उभे केले, हे मंडळाचे औदार्य. विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यातलेच एक ज्येष्ठ स्नेही मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यंदा व्याख्यान जुलाबावर? आणि नंतर अल्पोपाहारही आहे म्हणे!" मी म्हटले, ज्या रोगाने इंग्रजांच्या गव्हर्नर जनरलला आपल्या ग्वाल्हेरच्या उंबरठ्यावरून तळ हलवायला लावला, त्याला ग्वाल्हेरकरांनी एक संध्याकाळ द्यायला हरकत नसावी.

विषयाचे निमित्त मात्र रोजचे आहे. बाजारात औषधाच्या कोणत्याही दुकानासमोर पाच मिनिटे उभे राहा. पोट बिघडलेला माणूस येतो, अँटिबायोटिकच्या गोळ्या मागतो, आणि दुकानदार त्याबरोबर आणखी एक पट्टी पुढे सरकवतो. "ही दह्याची कॅप्सूल. गरम पडणार नाही." जंतू मारणारे औषध आणि जंतू घालणारे औषध एकाच पुडक्यात घरी जाते. ही जोडी जमली कशी आणि तिच्यात तथ्य किती, हे आज आपल्याला पाहायचे आहे.

सिंधेकाठची छावणी

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी कायम केली आणि तिचेच पुढे लष्कर झाले, हे इथे कोणाला सांगायला नको. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या छावणीबरोबरच इकडे आले. लष्कर जेमतेम सात वर्षांचे होते तेव्हाची ही गोष्ट.

१८१७ च्या पावसाळ्यानंतर मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज हा गव्हर्नर जनरल आणि सरसेनापती स्वतः फौज घेऊन ग्वाल्हेरच्या रोखाने आला. सांगायचे कारण पेंढाऱ्यांचा बीमोड. खरा हेतू असा की, दौलतरावांनी पेंढाऱ्यांना आणि पेशव्यांना हात देऊ नये. सिंध नदीच्या काठी तळ पडला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी ग्वाल्हेरचा तह झाला, आणि नेमक्या त्याच दिवशी तिकडे पुण्याजवळ खडकीची लढाई झाली. इतिहासाच्या पुस्तकात या दोन घटना शेजारी शेजारी असतात. तिसरी घटना बहुधा तळटिपेत जाते.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बंगालातल्या जेसोरला पटकीची साथ उसळली होती. नदीच्या वाटेने, व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ती वर सरकत होती. नोव्हेंबरच्या मध्यावर ती हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. लढाऊ शिपाई दहा हजारांच्या आसपास आणि बाजारबुणगे त्यांच्या कितीतरी पट. आठवडाभरात हजारो माणसे मेली. चालता चालता माणसे रस्त्यात पडत होती, त्यांना उचलायला डोल्या पुरत नव्हत्या. खुद्द हेस्टिंग्जने सांगून ठेवले होते की, आपण मेलो तर गुपचूप तंबूतच पुरावे, शिंद्यांना बातमी लागू देऊ नये. शेवटी तळ उठवून फौज बेतवेकाठी एरिचला नेली, तेव्हा साथ ओसरली.

बंगालच्या वैद्यकीय मंडळाच्या वतीने जेम्स जेमसन यांनी १८२० मध्ये या साथीचा अहवाल छापला. तेव्हाचे उपचार म्हणजे पाऱ्याचे कॅलोमेल, अफूचा अर्क, ब्रँडी आणि रक्त काढणे. ज्याच्या अंगातले पाणी आधीच निघून गेले आहे, त्याचे रक्तही काढायचे! माझ्या होमिओपॅथीला एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या पटकीच्या साथींमध्ये जे नाव मिळाले, त्यातला मोठा वाटा या गोष्टीचा असावा की आमचे लोक निदान रक्त तरी काढत नव्हते. माझ्याच पंथाबद्दल हे बोलायला मला जड जाते, पण इतिहास सांगायला बसले की आधी आपल्या घरचा सांगावा.

त्या छावणीत एक प्रश्न मात्र कोणालाही पडावा. तेच पाणी, तेच अन्न, तोच तंबू. एक शिपाई संध्याकाळी मेला आणि त्याच्या शेजारचा सकाळी हजेरीला उभा राहिला. असे का?

मोडशी

पुढे जाण्याआधी एक शब्द पाहू, कारण हे साहित्य मंडळ आहे. आजी म्हणायची, "पोराला मोडशी झालीय, आज लंघन." आपल्यासाठी मोडशी म्हणजे अपचन. पण हा शब्द फार दूर जाऊन आला आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात आपला औषधींवरचा ग्रंथ छापला. त्यात पटकीसारख्या रोगाचे वर्णन आहे, आणि त्या रोगाला पोर्तुगीज लोक 'मोर्देशी' असे काहीसे म्हणत. मूळ आपली मोडशी. पुढे फ्रेंचांनी तो शब्द आपल्या कानाने ऐकला आणि त्याचा 'मॉर द शियाँ' केला, म्हणजे कुत्र्याचे मरण. साध्या अपचनापासून कुत्र्याच्या मरणापर्यंत सगळे त्या एका शब्दात मावत होते, कारण सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. आजही दिसतात. डॉक्टरची खरी परीक्षा तिथेच असते.

पाणी, मीठ, साखर

पटकीत माणूस जंतूने थेट मरत नाही, अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने मरतो. हे १८३१ मध्ये विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांच्या रक्ताची तपासणी करून दाखवले. हाच माणूस पुढे हिंदुस्थानात आला आणि त्याने तारायंत्राचे जाळे उभे केले. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लाटाने शिरेतून मिठाचे पाणी देऊन मरणाच्या दारातले काही रोगी परत आणले. पण दोघांचे म्हणणे पुढे बरीच वर्षे मागे पडले.

१९५३ मध्ये कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जींनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने देऊन पटकीचे रोगी बरे केले आणि 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. १९५९ मध्ये कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी पटकीचा जंतू आतड्यात विष सोडतो आणि त्या विषाने पाणी बाहेर येते, हे सिद्ध केले. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून मीठ-साखरेचे पाणी वाटले. शिरेतून सलाइन द्यायला माणसे नव्हती आणि बाटल्याही नव्हत्या. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले.

हे इथे मुद्दाम सांगितले. यात अँटिबायोटिक नाही आणि दह्याची कॅप्सूलही नाही. आजच्या विषयातली ही दोन्ही पात्रे या पाण्याच्या मागून येतात, आणि जुलाबाच्या रोग्याच्या घरातही त्यांनी मागूनच यावे.

पटकी पिणारे शास्त्रज्ञ

आता सिंधेकाठच्या त्या प्रश्नाकडे येऊ. १८८३–८४ मध्ये रॉबर्ट कॉखने इजिप्तमध्ये आणि मग कलकत्त्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू ओळखला. म्युनिकचे वृद्ध प्राध्यापक पेटनकोफर यांना ते पटले नाही. नुसत्या जंतूने रोग होत नाही, असे त्यांचे म्हणणे. १८९२ मध्ये त्यांनी जंतूंनी भरलेला रस सर्वांसमक्ष पिऊन टाकला. थोडेसे जुलाब झाले, एवढेच. त्याच सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत इल्या मेचनिकॉफ यांनीही पटकीचा जंतू स्वतः प्यायला. त्यांना काहीही झाले नाही. हाच प्रयोग करणारा त्यांचा एक साथीदार मात्र मरता मरता वाचला.

छावणीतला तोच प्रश्न आता प्रयोगशाळेत आला होता. मेचनिकॉफ यांनी बशीत पटकीचे जंतू इतर जंतूंच्या शेजारी वाढवून पाहिले. काही शेजारी त्यांना वाढू देत, काही अडवत. मग त्यांच्या मनात आले की, आतड्यात आधीपासून कोण राहते यावर नव्या पाहुण्याचे नशीब ठरत असावे.

त्याच पाश्चर संस्थेत वाल्डेमार हाफकिन होते. मुंबईतल्या परळच्या संस्थेमुळे हे नाव आपल्याला प्लेगच्या लशीशी जोडलेले माहीत आहे. पण १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९३ मध्ये हिंदुस्थानात येऊन सुरुवातीचे काम केले ते आपल्या शेजारी आग्र्याला. तिथेच अर्नेस्ट हँकिन हे सरकारी जंतुशास्त्रज्ञ होते. १८९६ मध्ये त्यांनी लिहिले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू झपाट्याने मरतात, पण तेच पाणी उकळले की तो गुण नाहीसा होतो. जंतूंना खाणारे विषाणू पुढे सापडले, तेव्हा हँकिनच्या निरीक्षणाचा अर्थ त्यांच्याशी जोडला गेला. जीव हा जिवाचा शत्रू असतो तसा रक्षकही असतो, ही कल्पना त्या दशकात पॅरिसमध्येही होती आणि आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरवरही होती.

पुढे स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ मध्ये आपल्या देशाच्या दह्यातला जंतू शोधला. मेचनिकॉफ यांनी १९०७ मध्ये लिहिले की, असे दुग्धाम्ल करणारे जंतू आतड्यातल्या कुजवणाऱ्या जंतूंना आवरतात आणि म्हणून आयुष्य वाढते. आयुष्य वाढण्याची गोष्ट सिद्ध झाली नाही. पण युरोपात दही औषधाच्या दुकानात विकले जाऊ लागले! आपल्याकडे चरकसंहितेने मूळव्याध आणि ग्रहणी यांच्या प्रकरणांत ताकाचे गुण गायले त्याला तेव्हा कित्येक शतके झाली होती. चरकांना जंतू दिसले नव्हते, गुण दिसला होता.

१९०८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि पॉल एर्लिश या दोघांना विभागून मिळाले. दोघांचे काम रोगप्रतिकारावरचे. पण पुढचा इतिहास पाहिला की या जोडीचे नवल वाटते. एर्लिश यांनी लवकरच उपदंशावर साल्व्हर्सान आणले, रोग्याला न मारता जंतूला मारणारे रसायन. अँटिबायोटिकची वाट तिथून निघते. मेचनिकॉफ यांच्या दह्यातून प्रोबायोटिकची वाट निघते. औषधाच्या पुडक्यात जे दोन पट्ट्यांचे जोडपे घरी येते, त्यांचे आजोबा एकाच वर्षी एकाच मानाचे धनी होते.

शंभर वर्षांनी

सिंधेकाठच्या छावणीला बरोबर शंभर वर्षे झाली होती. १९१७, पहिले महायुद्ध. जर्मनीत फ्रायबुर्गचे डॉक्टर आल्फ्रेड निस्ल यांना एक सैनिक भेटला. बाल्कनच्या आघाडीवर त्याचे सोबती आवेने अंथरुणाला खिळले होते, हा मात्र ठणठणीत. इतरांनी दैव म्हणून सोडून दिले असते. निस्ल यांनी त्याच्या शौचातून एक जंतू वेगळा काढला. तो ई-कोलाय जातीचाच निघाला, पण सज्जन! ई-कोलाय निस्ल १९१७ या नावाने तो आजही युरोपात औषध म्हणून दिला जातो.

१९२० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार इंडोचायनात होते. पटकीच्या साथीत तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या साली चघळत किंवा त्यांचा काढा पीत, असे त्यांनी पाहिले. त्या सालींवरून त्यांनी एक यीस्ट मिळवले. आज आपल्या दुकानांत मिळणाऱ्या पुड्यांत तेच असते.

याच काळात लंडनमध्ये एडवर्ड बाख होते. लोक त्यांना फुलांच्या औषधांमुळे ओळखतात, पण ते मुळात जंतुशास्त्रज्ञ. १९१९ पासून लंडनच्या होमिओपॅथिक रुग्णालयात असताना त्यांनी आतड्यातल्या जंतूंचे गट पाडले आणि त्यांपासून औषधे केली. आम्ही त्यांना 'बॉवेल नोसोड' म्हणतो, ती आजही आमच्या कपाटात असतात. त्यांचा गुण आजच्या कसोटीवर उतरला आहे, असे मी म्हणणार नाही. पण जुनाट रोगाचा धागा आतड्यातल्या वस्तीशी जोडून पाहणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी आमच्यात होता, याची नोंद असावी.

माझी चूक

मग अँटिबायोटिक आली. १९४८ मध्ये मलायात क्लोरॅम्फेनिकॉलने विषमज्वराचे रोगी बरे होतात हे दिसले. ज्या तापात तीन तीन आठवडे घर जागे राहत असे, तो काही दिवसांत उतरू लागला. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. इकडच्या घरांत 'आमचा भाचा पिंपरीला पेनिसिलीनमध्ये आहे' हे वाक्य अभिमानाने ऐकल्याचे मला आठवते.

मी बी.एच.एम.एस. होऊन दवाखाना थाटला तेव्हा नवशिक्याच्या जोमात होतो. एका ओळखीच्या घरातला दहा-अकरा वर्षांचा मुलगा तापाने आला. जीभ पांढरी, पोट फुगलेले, ताप जिना चढल्यासारखा रोज वर जाणारा. मी लक्षणे जुळवली आणि पुड्या दिल्या. चौथ्या दिवशीही ताप उतरला नाही. त्याची आजी म्हणाली, "डॉक्टर, मला हा मोठ्या तापासारखा दिसतो." मी म्हटले, अजून एक दिवस बघू. त्या एका दिवसाने मला आयुष्यभर शिकवले. दुसऱ्या दिवशी मुलाच्या शौचातून रक्त गेले. त्याला रुग्णालयात नेले, अँटिबायोटिक सुरू झाले, आणि तो वाचला. आज तो दोन मुलांचा बाप आहे आणि मला भेटला की वाकून नमस्कार करतो. मला त्या नमस्काराची लाज वाटते.

पण गोष्ट तिथे संपली नाही. ताप उतरला आणि जुलाब लागले. यावेळी ते रोगाचे नव्हते, औषधाचे होते. आजीने विचारले, "ताक देऊ का?" वॉर्डात कोणीतरी म्हणाले, देऊ नका. कोणीतरी म्हणाले, द्या. कोणालाच खात्रीने काही माहीत नव्हते. मलाही नव्हते. तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे आहे. अँटिबायोटिक लिहून देणे माझे काम नाही, पण ते घेणारे शेकडो लोक माझ्या बाकावर बसतात आणि हाच प्रश्न विचारतात.

जोडी कशी चालते

आपल्या आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती आहे. अँटिबायोटिक हा दंगलीतला लाठीमार समजा. दंगेखोर सापडतात, आणि रस्त्याने दूध आणायला निघालेलेही सापडतात. वस्ती विरळ झाली की न पचलेल्या पिष्टाचे, पित्ताचे काम करणारे उरत नाहीत, म्हणून जुलाब. कधी मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा गुंड शिरतो. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या आतड्याच्या गंभीर रोगाचे मूळ तो आहे, हे १९७८ मध्ये उघड झाले.

मग बरोबर सज्जन जिवाणू द्यावेत, ही कल्पना सरळ आहे. अडचण एवढीच की, अँटिबायोटिक त्यांनाही मारते. म्हणून बॅसिलस क्लॉसी वापरतात, तो बीजरूपात असतो आणि कवचामुळे टिकतो. किंवा बुलार यांचे यीस्ट, जिवाणूंवरच्या औषधांचा यीस्टवर परिणामच होत नाही. लॅक्टोबॅसिलस द्यायचा तर अँटिबायोटिकपासून दोन तासांचे अंतर ठेवतात. आपल्याकडे तर दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये घालूनही विकतात. सिंह आणि शेळी एका पिंजऱ्यात ठेवण्याचा हा प्रकार मला कधी कळला नाही.

उपयोग किती होतो? २०१२ मध्ये ६३ चाचण्यांचा एकत्र अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. प्रोबायोटिक घेणाऱ्यांत अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब सुमारे ४२ टक्क्यांनी कमी दिसले. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरच्या २९४१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. फरक शून्य! २०१८ मध्ये इस्रायलच्या शास्त्रज्ञांना वेगळेच आढळले. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळची वस्ती परत यायला उलट उशीर लागला. पाहुणे घरात इतके ऐसपैस बसले की घरच्यांना जागा उरली नाही. हा प्रयोग थोड्या माणसांवरचा होता, पण विचार करायला लावणारा.

दुसऱ्या बाजूला, आपल्या ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजार नवजात बालकांवर लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि त्याचे खाद्य यांची चाचणी झाली. रक्तदोष आणि मृत्यू मिळून धोका ४० टक्क्यांनी घटला, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जठरातल्या हेलिकोबॅक्टरचेही तसेच. हा जंतू व्रण करतो हे पटवण्यासाठी बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः प्यायला. पेटनकोफर आणि मेचनिकॉफ यांच्या पंगतीतला हा तिसरा. त्या जंतूवर दोन-तीन अँटिबायोटिक एकदम द्यावी लागतात आणि रुग्ण कंटाळून मध्येच सोडतो. प्रोबायोटिकने त्रास कमी झाला तर तो औषध पुरे करतो.

या सगळ्यातून मला जे दिसते ते असे. प्रोबायोटिक जंतुसंसर्ग बरा करत नाही. तो अँटिबायोटिक करते, आणि तेही जिथे गरज आहे तिथेच. प्रोबायोटिक काही जणांना, काही जातींचे, योग्य मात्रेत दिले तर औषधाचा त्रास सोसणे सोपे करते. ते जोडीदार आहे, मालक नव्हे. माझी चूक ही होती की, जिथे मालकाची गरज होती तिथे मी जोडीदारही नसलेल्या पुड्या देत बसलो. आजची चूक उलटी आहे. दह्याची कॅप्सूल बरोबर आहे ना, मग अँटिबायोटिक घ्यायला काय हरकत, असा धीर लोकांना येतो. साध्या पाण्यासारख्या जुलाबालाही ती सर्रास खाल्ली जातात. विषमज्वरावर क्लोरॅम्फेनिकॉल चालेनासे झाल्याची साथ केरळात १९७२ मध्येच आली होती. त्यानंतर एकेक हत्यार बोथट होत गेले.

घरचे शास्त्र

माझे पणजोबा सांगलीकडून कापडाच्या व्यापारासाठी लष्करात आले. आमचे घर जैन, म्हणून जिवाणूंची आणि आमची ओळख सूक्ष्मदर्शकाच्या आधीची. पाणी दुहेरी कापडातून गाळायचे, आणि गाळण्यावर राहिलेली 'जिवाणी' त्याच विहिरीत अलगद सोडायची. दही आठ प्रहरांच्या आत संपवायचे, आणि ते कच्चे असताना डाळीच्या पदार्थात मिसळायचे नाही. माझे मराठी मित्र बेसनाची कढी भुरकत आणि मी बघत बसे!

लहानपणी हे सारे मला जाच वाटे. २००३ मध्ये वाचले की, बांगलादेशातल्या ६५ गावांत बायकांना जुन्या साडीची चौपदरी घडी करून पाणी गाळायला शिकवले, आणि पटकी जवळजवळ निम्मी झाली. पटकीचा जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतो, ते किडे कापडावर अडकतात. आजीने जिवांवर दया म्हणून केले, ते माणसांवरही दया ठरले. म्हणून सगळे जुने ते शास्त्रीय, असे मी म्हणत नाही. जंतू सुटे असले तर कापडातून आरपार जातात, पाणी उकळावेच लागते. पण ताजे दही, त्याच दिवसाचे ताक, गाळलेले-उकळलेले पाणी, या सवयी घरात असताना त्या सोडून कॅप्सूलमागे धावायचे कारण नाही. अर्थात घरचे दही म्हणजे प्रोबायोटिक औषध नव्हे. त्यात कोणती जात किती आहे हे कोणी मोजलेले नसते, आणि त्यातले बरेच जीव जठराच्या आम्लात मरतात. दही हे चांगले अन्न आहे, एवढे म्हटले तरी त्याचा मान राहतो.

श्रोतेहो, डॉक्टर उठला की काहीतरी लिहून देतोच. तर एवढे घरी न्या. जुलाब लागले की पहिले औषध मीठ-साखरेचे पाणी. पाकिटातले नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. लहान मुलाला त्याबरोबर जस्ताची गोळी, डॉक्टरला विचारून. रक्त पडले, ताप चढत राहिला, लघवी थांबली, मूल मलूल झाले, तर माझ्याकडे येऊ नका, थेट रुग्णालयात जा. अँटिबायोटिक दिले तर मध्येच सोडू नका, दिले नाही तर मागू नका. बरोबर प्रोबायोटिक घ्यावे का, हे त्याच डॉक्टरांना विचारा. आणि घरात कोणी कर्करोगाचे उपचार घेत असेल किंवा नसेत नळी असेल, तर त्याला अशी पुडी आपल्या मनाने मुळीच देऊ नका. सज्जन जंतूही रक्तात गेला की सज्जन राहत नाही.

त्या मुलाच्या आजीला मी तेव्हा उत्तर दिले नव्हते. ती आज नाही. असती तर सांगितले असते : ताप उतरलाय, भूक लागलीय, तर द्या ताक. ताजे, पातळ, चिमूटभर मीठ घालून. पण त्याची अँटिबायोटिकची गोळी चुकवू नका. आणि आजी, चौथ्या दिवशी तुमचे बरोबर होते.